अक्षरांचे आचार्य : भिक्खू कूकाई

जपानी भाषेचे कोणतेही साधे वाक्य पाहिले, तरी त्यात तीन लिपी एकत्र नांदताना दिसतात. शब्दाच्या मूळ अर्थासाठी चीनमधून आलेली अक्षरचिन्हे, म्हणजे कांजी. विभक्तिप्रत्यय आणि क्रियापदांची रूपे यांसाठी वळणदार हिरागाना. परकीय शब्दांसाठी काटकोनी काताकाना. हिरागाना आणि काताकाना या दोन्ही ध्वनिदर्शक लिपींना मिळून काना म्हणतात. या काना अक्षरांची निर्मिती एका बौद्ध भिक्खूने केली, अशी जपानी जनतेची अनेक शतके श्रद्धा होती. त्या भिक्खूचे नाव कूकाई. निधनानंतर मिळालेल्या कोबो दाइशी या पदवीनेच तेथील लोक त्यांना अधिक ओळखतात. इतिहासाच्या कसोटीवर ही श्रद्धा टिकत नाही. मात्र अक्षरविद्येच्या क्षेत्रात कूकाईंनी प्रत्यक्ष जे केले, ते या श्रद्धेहून कमी मोलाचे नाही, आणि आपल्याशी त्याचे नाते अधिक जवळचे आहे.

इ.स. ७७४ मध्ये शिकोकू बेटावरील सानुकी प्रांतात, साएकी कुळात त्यांचा जन्म झाला. त्यांचे जन्मगाव म्हणून आज झेन्त्सूजी हे ठिकाण दाखविले जाते. घराणे प्रांतिक अधिकाऱ्यांचे, खाऊनपिऊन सुखी. पण राजधानीतील बड्या सरदारांच्या पंक्तीला बसण्याइतके मोठे नव्हे. मामा मात्र विद्वान होते. राजपुत्राला कन्फ्यूशियसचे ग्रंथ शिकविण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्यांच्या हाताखाली पंधराव्या वर्षाच्या सुमारास या मुलाचे चिनी भाषेचे अध्ययन सुरू झाले आणि अठराव्या वर्षी त्याला राजधानीतील सरकारी विद्यालयात प्रवेश मिळाला. हे विद्यालय मुख्यतः वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यांच्या मुलांसाठी होते. तेथून बाहेर पडणारा तरुण सरळ राजसेवेत जाई.

त्या काळी जपानमध्ये शिकणे म्हणजे चिनी शिकणे, कारण जपानी भाषेला स्वतःची लिपी नव्हती. चिनी अक्षरचिन्हे कोरियन द्वीपकल्पामार्गे काही शतकांपूर्वी आली होती, परंतु ती एका निराळ्या घडणीच्या भाषेसाठी तयार झालेली होती. चिनी भाषेत क्रियापद आधी आणि कर्म नंतर येते. शब्दाला प्रत्यय लागत नाहीत. जपानी भाषा या बाबतीत आपल्या मराठीसारखी आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी येते आणि नामाच्या मागे विभक्तीची शेपटी असते. अशा भाषेला चिनी चिन्हांचा अंगरखा कुठे आखूड, तर कुठे सैल पडे. इ.स. ७१२ मध्ये कोजिकी हा इतिहासग्रंथ सिद्ध करणाऱ्या ओ नो यासुमारो यांनी ही अडचण आपल्या प्रस्तावनेतच नोंदवून ठेवली आहे. त्यावर लोकांनी एक वाट काढली होती. चिनी चिन्हाचा अर्थ बाजूला ठेवून केवळ त्याचा उच्चार घ्यायचा आणि त्यातून जपानी शब्द जुळवायचा. मान्योशू या प्राचीन काव्यसंग्रहात ही पद्धत विपुल आढळते, म्हणून तिला मान्योगाना म्हणतात. पण एका अवयवासाठी एक संपूर्ण, अनेक फटकाऱ्यांचे चिन्ह रेखाटायचे, हे फार वेळखाऊ काम होते.

वर्गात कांजीची कल्पना द्यायची झाल्यास मी फळ्यावर ५ हा अंक लिहितो. मराठी मुलगा तो पाच वाचतो, गुजराती पांच, तमिळ ऐंदु. चिन्ह एक, अर्थ एक, उच्चार निरनिराळे. त्यालाच आपण ५वा, ५ला असे प्रत्यय जोडतो, तेव्हा अर्थ चिन्हातून आणि व्याकरण अक्षरांतून येते. जपानी लेखनपद्धतीचे मर्म एवढ्या उदाहरणात सापडते. भाषेतील हजारो शब्दांना असा एकेक अंक आहे, एवढी कल्पना मात्र करावी लागते.

राजसेवेचा मार्ग समोर मोकळा असताना कूकाईंनी विद्यालय सोडले. डोंगरदऱ्यांत, समुद्रकाठच्या गुहांत ते साधना करीत हिंडले. इ.स. ७९७ मध्ये, चोविसाव्या वर्षी, त्यांनी एक ग्रंथ लिहिला. कन्फ्यूशियसचा अनुयायी, ताओवादी आणि एक फाटका बौद्ध भिक्षेकरी यांच्यातील वादाच्या रूपाने त्यात तिन्ही मतांची तुलना आहे. लेखकाचा कौल अर्थातच भिक्षेकऱ्याकडे आहे. आप्तांच्या नाराजीला दिलेले ते उत्तर होते, असे अभ्यासक मानतात.

पुढे त्यांच्या हाती महावैरोचन सूत्र आले. नालंदेत शिकलेल्या शुभाकरसिंह या भारतीय आचार्यांनी आठव्या शतकात चीनमध्ये त्याचे भाषांतर केले होते. त्यातील संस्कृत मंत्रांचा अर्थ आणि उच्चार सांगू शकेल असा कोणीही कूकाईंना जपानमध्ये भेटला नाही. हे सूत्र समजून घेण्यासाठी त्यांनी चीनला जाण्याचे ठरविले.

इ.स. ८०४ मध्ये जपानच्या राजदूतासह चार जहाजे निघाली. त्यांपैकी दोनच चीनच्या किनाऱ्याला लागली. एका जहाजात कूकाई होते, तर दुसऱ्यात पुढे तेंदाई पंथाची स्थापना करणारे साइचो. कूकाईंचे जहाज वादळाने भरकटून दक्षिणेकडील फुजियान किनाऱ्यावर गेले. तेथील अधिकाऱ्यांना हे लोक संशयास्पद वाटले. ते त्यांना पुढे जाऊ देईनात. तेव्हा राजदूताच्या वतीने कूकाईंनी चिनी भाषेत एक निवेदन लिहून दिले. त्यातील भाषेचे आणि हस्ताक्षराचे सौष्ठव पाहून अधिकाऱ्यांचे मत पालटले, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. त्याच वर्षाच्या अखेरीस ही मंडळी राजधानी चांगआनला पोहोचली.

चांगआन हे तेव्हा जगातील मोठ्या नगरांपैकी एक होते. तेथे कूकाईंची प्रज्ञ या भिक्खूंशी गाठ पडली. कपिशेच्या प्रदेशात, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानात जन्मलेले आणि नालंदेत अध्ययन केलेले हे वृद्ध आचार्य चीनमध्ये भाषांतराचे कार्य करीत होते. त्यांनी आणि मुनिश्री या दुसऱ्या भारतीय भिक्खूंनी कूकाईंना संस्कृत शिकविले. त्याबरोबरच, ज्या लिपीत ते संस्कृत लिहिले जाई, ती सिद्धम् लिपीही त्यांनी शिकविली.

सिद्धम् ही सम्राट अशोकाच्या शिलालेखांतील ब्राह्मीची वंशज. कार्ले आणि कान्हेरीच्या लेण्यांत दानकर्त्यांची नावे ज्या अक्षरांत कोरली आहेत, ती ब्राह्मी. तिच्याच उत्तरेकडील शाखेतून गुप्तकाळानंतर सिद्धम् घडली. आपली नागरीही त्याच कुळातील. वर्णमाला गिरविण्यापूर्वी सिद्धम् हा मंगलशब्द लिहिण्याची प्रथा होती, त्यावरून लिपीला हे नाव पडले. महाराष्ट्रातील जुन्या पंतोजींच्या शाळेत धूळपाटीवर पहिला धडा ओनामासिधं असे. तो याच ॐ नमः सिद्धम् चा अपभ्रंश होय, आणि कोणत्याही कामाच्या आरंभाला आपण ओनामा म्हणतो तो त्यातूनच आलेला आहे. ज्या शाळांतून बहुजनांच्या मुलांना तो ओनामा गिरविण्याची मुभा नव्हती, त्याच शब्दाच्या नावाची लिपी एका परदेशी विद्यार्थ्याला नालंदेच्या आचार्यांनी हात धरून शिकविली. इतिहासाच्या अभ्यासकाने ही नोंद करून ठेवली पाहिजे.

कूकाईंना या लिपीची निकड का वाटली, हे शब्दांच्या प्रवासावरून कळते. चिनी चिन्हांत संस्कृतचे ऱ्हस्वदीर्घ आणि जोडाक्षरे मावत नाहीत. त्यामुळे चीनमार्गे जपानला पोहोचताना प्रज्ञाचे हान्या झाले, बोधिसत्त्वाचे बोसात्सु, स्तूपाचे सोतोबा आणि ध्यानाचे झेन. मंत्रातील ध्वनी हाच ज्यांच्या साधनेचा आधार, त्यांना ही पडझड परवडणारी नव्हती.

चांगआनमधील छिंगलोंग विहारात हुइगुओ हे मंत्रयान परंपरेचे प्रमुख आचार्य होते. त्यांनी कूकाईंना काही महिन्यांतच आपली सर्व विद्या दिली आणि चांद्र पंचांगानुसार ८०५ च्या बाराव्या महिन्यात त्यांचे निर्वाण झाले. हजारो शिष्य असलेल्या आचार्यांचा समाधिलेख लिहिण्याचे काम या परदेशी शिष्याकडे आले. वीस वर्षे राहण्यासाठी आलेले कूकाई ८०६ मध्ये मायदेशी परतले. मुदतीपूर्वी परतणे हा अपराधच होता. परंतु बरोबर आणलेल्या ग्रंथांची यादी त्यांनी दरबाराला सादर केली, आणि तीच त्यांची कैफियत ठरली. १४२ सूत्रे, ३२ भाष्ये आणि टीका, आणि संस्कृत भाषेतील ४२ ग्रंथ. एकूण २१६ ग्रंथ आणि ४६१ गुंडाळ्या. यांशिवाय मंडलांची चित्रे आणि पूजासाधने निराळी. तरीही राजधानीत येण्याची अनुज्ञा मिळेपर्यंत ८०९ उजाडले.

सम्राट सागा गादीवर आल्यावर त्यांचे दिवस पालटले. सम्राट स्वतः उत्तम सुलेखनकार होता. सागा, कूकाई आणि त्याच चीन सफरीतील सहप्रवासी ताचिबाना नो हायानारी यांना जपानमध्ये तीन कुंचले म्हणून गौरविले जाते. कोबोंना कुंचला निवडावा लागत नाही, अशा अर्थाची एक म्हण जपानीत आहे. नाचता येईना अंगण वाकडे म्हणणाऱ्या आपल्या लोकांना तिचा अर्थ समजावून सांगण्याची आवश्यकता नाही. इ.स. ८१६ मध्ये त्यांना कोया पर्वत साधनाकेंद्रासाठी मिळाला, तर ८२३ मध्ये राजधानीतील तोजी हा विहार. ८२१ मध्ये त्यांनी जन्मप्रांतातील मान्नो तलावाच्या फुटलेल्या बांधाची दुरुस्ती करून घेतली. तो तलाव आजही शेतीला पाणी देतो. राजाश्रय, राज्याच्या रक्षणासाठीचे विधी, पावसासाठीचे अनुष्ठान हाही या चरित्राचा भाग आहे. बुद्धिप्रामाण्य मानणाऱ्या वाचकाने तो इतिहास म्हणून वाचावा, अनुकरणासाठी नव्हे.

या चरित्रातील एका प्रसंगापाशी थांबावे लागते. साइचो हे वयाने आणि मानाने कूकाईंहून मोठे. तरीही त्यांनी विनम्रपणे कूकाईंकडून मंत्रयानाचे ग्रंथ उसने नेऊन त्यांच्या नकला करून घेतल्या. कूकाईंनी त्यांना लिहिलेली काही पत्रे तोजीत आजही जपलेली आहेत. जपानी सुलेखनाचा तो अमोल ठेवा मानला जातो. पण ८१३ च्या सुमारास साइचोंनी एका भाष्याची मागणी केली, तेव्हा कूकाईंनी स्पष्ट नकार दिला. ही विद्या कागदावरून मिळत नाही, ती गुरूसमोर बसूनच घ्यावी लागते, असे त्यांचे म्हणणे. दोघांचे संबंध त्यानंतर दुरावले. गुरुमुखाशिवाय विद्या नाही, या वाक्याखाली आपल्या देशात किती पिढ्या गाडल्या गेल्या, हे जाणणाऱ्याला कूकाईंचा हा नकार खटकल्याशिवाय राहत नाही. त्यांचे समर्थक म्हणतात की, गुप्तता जातीवरून नव्हती, तयारीवरून होती. हे खरे असले, तरी ग्रंथाचे दार एका ज्येष्ठ विद्वानासाठी बंद झाले, ही वस्तुस्थिती उरतेच.

त्याच माणसाने पंधरा वर्षांनी जे केले, ते या पार्श्वभूमीवर पाहावे. इ.स. ८२८ मध्ये फुजिवारा नो मिमोरी या सरदाराने दिलेल्या वाड्यात, तोजीच्या जवळ, कूकाईंनी एक शाळा काढली. तिचे नाव शुगेई शुचि-इन. चीनच्या राजधानीत गल्लोगल्ली शाळा आहेत. आपल्या राजधानीत मात्र एकच सरकारी विद्यालय आहे आणि गरिबाच्या मुलाला विद्येसाठी जाण्यास जागा नाही, असे त्यांनी शाळेच्या स्थापनापत्रात निदर्शनास आणले. शाळा सर्वांना खुली ठेवली. कुळ आणि दर्जा विचारला जाणार नव्हता. बौद्ध विचारांबरोबर कन्फ्यूशियसचे आणि ताओचे ग्रंथही शिकवावेत, भिक्खूंबरोबर गृहस्थ शिक्षकही असावेत, असे ठरले. आणि शिक्षक व विद्यार्थी या दोघांच्याही जेवणाची सोय शाळेने करावी, ही तरतूद त्यांनी आग्रहाने केली. रिकाम्या पोटी विद्या शिरत नाही, हे ज्यांनी वसतिगृहात मुले सांभाळली आहेत, त्यांना निराळे सांगावे लागत नाही. नवव्या शतकातील एका राजगुरूला ते सुचले, याचे मात्र मला आश्चर्य वाटते.

याच उत्तरकाळात त्यांचे कोशकार्य झाले. तेनरेई बान्शो मेइगी हा त्यांचा तीस खंडांचा चिनी अक्षरकोश युपिएन या सहाव्या शतकातील चिनी कोशावर आधारलेला आहे. जपानमध्ये तयार झालेल्या उपलब्ध कोशांत तो सर्वांत जुना. सिद्धम् वर्णमालेतील अक्षरे आणि त्यांचे अर्थ सांगणारी एक पुस्तिकाही त्यांनी लिहिली. त्या विषयावरील जपानमधील ही पहिली रचना. ध्वनी, शब्द आणि वास्तव यांच्या संबंधावर त्यांचा एक स्वतंत्र ग्रंथ आहे. त्यांच्या परंपरेतील साधक आजही भिंतीवर सिद्धम् लिपीतील अ हे एकच अक्षर टांगून त्याच्यासमोर ध्यानाला बसतात.

इ.स. ८३५ च्या तिसऱ्या चांद्र महिन्यात कोया पर्वतावर त्यांचे निधन झाले. ते मरण पावलेच नाहीत, ध्यानस्थ आहेत, अशी भाविकांची समजूत आहे. भिक्खूच्या चरित्राला अनित्यतेचा नियम लागू न करण्याचे कारण मला दिसत नाही. ९२१ मध्ये सम्राट दाइगो याने त्यांना कोबो दाइशी ही पदवी दिली. कोबो म्हणजे धम्माचा विस्तार करणारे आणि दाइशी म्हणजे महान आचार्य.

आता काना अक्षरांविषयी. काताकाना निघाली ती नारा परिसरातील विहारांत, नवव्या शतकाच्या आरंभी. चिनी सूत्रे जपानीत वाचताना भिक्खू ओळींच्या फटीत उच्चारांच्या आणि प्रत्ययांच्या खुणा करीत. जागा थोडी आणि वेळ त्याहून थोडा, म्हणून ते अख्ख्या चिन्हाऐवजी त्याचा एखादा तुकडाच लिहीत. भर घालणे या अर्थाच्या चिनी चिन्हाचा डावा अर्धा भाग घेतला, तो काताकानातील का झाला. तेच संपूर्ण चिन्ह कुंचल्याने झरझर लिहीत गेल्यावर जे वळण उरले, तो हिरागानातील का. ही कामे कोणा एकाची नव्हती. ती करणाऱ्यांची नावे इतिहासाला ठाऊक नाहीत, आणि लोकांना नाव हवे असते, म्हणून ते श्रेय सर्वांत प्रसिद्ध कुंचल्याच्या पदरात पडले.

इरोहा या प्रसिद्ध कवितेचेही तसेच झाले. सत्तेचाळीस काना अक्षरे, प्रत्येक नेमके एकदा, अशी तिची रचना आहे. तिचा आशय अनित्यतेचा. आपल्या विहारांत अंत्यविधीच्या वेळी म्हटल्या जाणाऱ्या अनित्यतेच्या गाथेचाच तो भावार्थ मानला जातो. जपानी मुले शतकानुशतके अक्षरे शिकली ती या कवितेवरून, आणि तिचे कर्तेपण कूकाईंकडे दिले गेले. परंतु तिची उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लिखित प्रत १०७९ ची आहे. शिवाय कूकाईंच्या काळी ए आणि ये हे दोन निराळे उच्चार होते, त्यामुळे त्यांनी ती रचली असती तर अक्षरे अठ्ठेचाळीस भरली असती. भाषेच्या अभ्यासकांनी एका अक्षरावरून हा दावा निकालात काढला.

सिद्धम् ची खरी खूण दिसते ती आजच्या जपानी वर्णमालेच्या क्रमात. आ, इ, उ, ए, ओ हे स्वर. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा. प्राचीन काळी हा चा उच्चार पा असा होता, तर सा हा च च्या जवळचा होता, असे अनेक अभ्यासक मानतात. तसे वाचून पाहिले की क, च, त, न, प, म, य, र, व ही आपली बाराखडीच्या तक्त्यावरची ओळ समोर उभी राहते. अकराव्या शतकात म्योगाकूसारख्या सिद्धम् च्या अभ्यासक भिक्खूंनी हा क्रम बसविला. कूकाईंनी आणलेल्या बीजाचा तो वृक्ष होय.

वृक्षाची सगळीच फळे मात्र सर्वांच्या वाट्याला आली नाहीत. चिनी विद्या पुरुषांची मानली गेल्याने हिरागानाला स्त्रियांचा हात असे कमीपणाचे नाव पडले. पुढे त्याच लिपीत मुरासाकी शिकिबू यांनी गेन्जीची कथा लिहिली, आणि पुरुषांचे चिनी ग्रंथ कपाटात राहिले. तरी कूकाईंच्या कोया पर्वतावर स्त्रियांना जाण्यास बंदी होती. ती सरकारी आज्ञेने १८७२ मध्ये उठली. चांडाल हा भारतीय शब्दही सूत्रांबरोबर सेन्दारा होऊन जपानला पोहोचला. तेथील अस्पृश्य ठरविलेल्या बुराकू समाजाच्या मृतांना काही बौद्ध विहारांनी धम्मनाम देताना पशू, नीच अशा अर्थांची अक्षरे त्यांच्या थडग्यांवर कोरली. विसाव्या शतकात त्या समाजाच्या चळवळीने ही थडगी शोधून काढली आणि निरनिराळ्या पंथांना त्याबद्दल जाहीर क्षमायाचना करण्यास भाग पाडले.

कूकाईंच्या शाळेचे पुढे काय झाले, हे सांगायचे राहिले. त्यांच्यामागे निधी जमेना, चालविणारा खंबीर माणूस मिळेना. निधनानंतर सुमारे दहा वर्षांतच शाळा बंद पडली. तिची जागा विकून आलेल्या पैशातून तोजीच्या खर्चासाठी भाताची शेते घेण्यात आली. क्योतो शहरात आज शुचि-इन हे नाव एका विद्यापीठाने धारण केले आहे. १९४९ पासून ते विद्यापीठ म्हणून चालू आहे.